तट राहिला, गाव गेलं

चकलांब्याहून भद्रा मारुतीला निघालेली जीप गेवराई, पाचोड, आडूल करत संभाजीनगर ओलांडते, पडेगाव-शरणापूर मागे टाकते आणि दौलताबादेत आली की गाडीतल्या सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. डोंगर दिसतो. चहूबाजूंनी तासलेला, वर बारादरी, पायथ्याशी चांदमिनार. ‘आला किल्ला,’ असं कुणीतरी म्हणतं. खरं तर किल्ला कधीच आलेला असतो आणि गाडी त्याच्या आतून चाललेली असते. रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांच्या मागं काळ्या दगडाची एक भिंत झाडोऱ्यातून वर-खाली होत जाते, ती बघायला कुणी थांबत नाही. पुढं दिल्ली दरवाजापाशी गाड्या तुंबल्या की मग तिची आठवण होते, तीही शिव्या घालण्यापुरती.

मला डोंगरापेक्षा ही भिंतच जास्त चक्रावून टाकते. डोंगर आयता मिळाला, त्याला माणसांनी आकार दिला. भिंत मात्र दगडावर दगड ठेवून उभी केली, आणि तीही राजाच्या वाड्याभोवती नाही, अख्ख्या शहराभोवती. तिच्या आत बाजार होते, पेठा होत्या, विहिरी, हमामखाने, देवळं, मशिदी होत्या. आज आत शिरलं तर शेतं लागतात, बाभळी लागतात, मधेच एखादी कमान एकटीच उभी असते. शहर नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच नेमकं गेलं आणि राखणदार तेवढा शिल्लक राहिला.

बीडला याच्या बरोबर उलटं. बीड शहरालाही एके काळी तट होता, खंदक होता. आता कोतवाली वेस आहे, राजुरी वेस आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो. बिंदुसरेच्या काठचं गाव वाढत वाढत तटाच्या बाहेर सांडलं आणि तट कुठं गेला हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. शहर जगलं की तट मरतो आणि शहर मेलं की तट जगतो, असा काही नियमच आहे की काय अशी शंका यावी, इतकी ही उदाहरणं मराठवाड्यात जागोजागी सापडतात. पण ते नंतर. आधी भिंतीकडे बघू.

दौलताबादला तटाच्या मुख्य रांगा तीन. सगळ्यांत बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट आणि डोंगराच्या बुडाशी काळाकोट. अंबरकोटाचं नाव मलिक अंबरवरून पडलेलं दिसतं, पण शहराभोवतीचं बरंचसं काम त्याच्याही आधीचं, तुघलकाच्या वेळचं मानतात. अंबरकोटात रयत, महाकोटात दरबारी आणि फौज, काळाकोटात राजवाडे, आणि त्याच्याही वर, खंदकापलीकडे, डोंगर. जितकं मोठं माणूस तितकं ते आत आणि उंचावर. सगळ्यांत आधी मार खायचा तो अंबरकोटानं, म्हणजे पर्यायानं रयतेनं.

अशा तटाचं अंग कसं असतं ते एखाद्या ढासळलेल्या ठिकाणी चांगलं दिसतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सबंध भिंत घडीव दगडाचीच. पण घडीव चिरे फक्त दोन्ही तोंडांना. मधल्या पोकळीत दगडगोटे, मुरूम आणि चुन्याचा घट्ट काला. पुरणपोळीचाच प्रकार: पारी पातळ, ताकद सगळी पुरणात. हा चुना बैलानं ओढायच्या घाणीत मळत. पारी फुटली तरी आतलं पुरण एकदम सुटत नाही, गोळा त्यात रुतून बसतो. वर माणसाला चालता येईल अशी वाट, तिला फांजी म्हणतात. फांजीच्या बाहेरच्या अंगाला चर्या, म्हणजे पाकळ्यांसारखे उभे दगडी आडोसे, आणि त्यांच्यात व खाली जंग्या, म्हणजे बंदुका-बाणांसाठी ठेवलेली भोकं. जंगीला डोळा लावून बघा. आतून ती रुंद असते, बाहेर अरुंद, आणि बहुतेक वेळा खाली उतरती. लांबच्या शत्रूसाठी ती नाहीच. भिंतीच्या बुडाशी शिडी लावायला आलेल्यासाठी आहे. ती खोदणाऱ्या पाथरवटानं शत्रू नेमका कुठं उभा राहील हे आधीच ठरवून टाकलेलं असतं.

महाकोटाच्या दरवाजाशी तर थोडा वेळ काढून उभंच राहावं. तिकीट काढून लोक त्यातून झपाझप पुढं जातात, कारण वर चढायचं असतं. पण हा दरवाजा म्हणजे एक दरवाजा नाही. पहिल्या दरवाजातून आत गेलं की उंच भिंतींनी वेढलेला चौक लागतो, मग वळण, मग दुसरा दरवाजा, पुन्हा चौक, पुन्हा वळण. किल्ल्यांच्या भाषेत अशा चौकाला रणमंडळ म्हणतात. पहिला दरवाजा फोडून जिंकलो असं वाटून आत घुसलेली फौज इथं वाड्याच्या चौकात कोंडलेल्या गुरांसारखी अडकते, आणि वर चारी बाजूंना किल्ल्यातली माणसं. सरळ रस्ता मुद्दामच ठेवलेला नाही, कारण हत्तीला दरवाजा फोडायला धाव घ्यावी लागते. वळणावर हत्ती धावू शकत नाही. तरीही एखादा पोचलाच, तर फळ्यांवर त्याच्या कपाळाच्या उंचीला टोकदार लोखंडी खिळे. फळ्यांच्या मागं अडसर सरकवायला भिंतीत खोल खोबण असते. अशा खोबणीत हात घातला तर खांद्यापर्यंत आत जातो. म्हणजे अडसर सबंध तुळईएवढा, दिवसा भिंतीच्या पोटात ढकललेला आणि रात्री ओढून आडवा घातलेला. दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. हल्ली त्यांच्यात जुन्या तोफा मांडून ठेवल्या आहेत आणि शाळेची पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढतात.

याच भिंतींमध्ये मधेच एखादा दगड वेगळा दिसतो. त्यावर वेलबुट्टी असते, कुठं खांबाचा तुकडा, कुठं देवळाच्या पट्टीवरची नक्षी. यादवांच्या काळातली देवळं मोडली आणि त्यांचे चिरे तटात बसले. रागानं बसवले की आयता घडीव दगड मिळाला म्हणून, हे दगडाला विचारून कळत नाही, बहुधा दोन्ही. महाकोटात भारतमातेचं मंदिर म्हणून ओळखली जाते ती वास्तू तर चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला मशीद म्हणून उभी राहिली, आणि तिचे खांब त्याहून जुन्या देवळांचे. एकाच छपराखाली तीन काळ नांदतात.

आता थोडं मागं. पाचव्या भिल्लम यादवानं बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरी राजधानी केली. शंभर वर्षांत ती दख्खनेतलं सगळ्यांत श्रीमंत शहर झाली. महानुभावांच्या लीळाचरित्रात तिचा उल्लेख येतो, हेमाडपंत इथलाच मंत्री, आणि ज्ञानेश्वरांनी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा इथं रामदेवराव गादीवर होता. एवढं सगळं असून १२९६ साली अलाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन आला तेव्हा खालचं शहर त्याला जवळजवळ उघडंच सापडलं. मोठी फौज युवराजाबरोबर बाहेर गेलेली. रामदेवराव डोंगरावर चढून बसला. डोंगर अभेद्य होता, त्याला कुणी हातही लावला नाही. पण व्यापारी, सावकार, हत्ती, घोडे सगळं खाली होतं. आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट, जी फिरिश्त्यानं लिहून ठेवली आहे: घाईघाईत किल्ल्यात चढवलेली धान्याची पोती उघडली तर त्यांत मीठ निघालं. कोकणातून मीठ घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांचा माल धान्य समजून वर नेला होता. गोष्ट तंतोतंत खरी असो वा तिखटमीठ लावलेली, तिच्यातलं मर्म खोटं नाही. रामदेवरावानं सोनं, मोती, रत्नं देऊन सुटका करून घेतली. भिंत कितीही उंच असली तरी तिची खरी उंची आतल्या कणगीत किती ज्वारी आहे यावर ठरते.

हीच परीक्षा त्याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला चालू होती. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या लोकांची भाषा वेगळी, राजे वेगळे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं १२८२-८३ मध्ये तो जिंकला आणि समुद्राला मिळणाऱ्या एका नदीच्या मुखाशी कॉन्वी नावाचं शहर वसवलं. तिथं आधी एक मठ होता आणि त्यात वेल्सच्या एका थोर राजाची समाधी होती. एडवर्डनं मठ उचलून दुसरीकडे हलवला आणि त्याच जागेवर किल्ला व तटबंदी घातली. सव्हॉय प्रांतातून आणलेल्या जेम्स नावाच्या गवंडीप्रमुखाच्या देखरेखीखाली १२८३ ते १२८७ एवढ्या चार-पाच वर्षांत काम उरकलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा तट, एकवीस बुरूज, तीन दरवाजे. देवगिरीत रामदेवराव राज्य करत होता त्याच काळात तिकडे हे चालू होतं.

कॉन्वीच्या बुरुजांची रचना कळली तेव्हा मी त्या बांधणाऱ्याला मनोमन मुजरा केला. बुरुजांना शहराच्या बाजूची भिंतच नाही. म्हणजे बुरूज पाठीमागून उघडा, आणि फांजीवरून जाताना तिथं मोठी फट. त्या फटीवर लाकडी फळ्या टाकून ये-जा करायची. शत्रू शिडी लावून तटाच्या एका तुकड्यावर चढलाच, तर दोन्ही अंगांच्या फळ्या काढून घ्यायच्या. मग तो दोन बुरुजांमध्ये उंचावर अडकून पडतो. पुढं जाता येत नाही, मागं फिरता येत नाही, आणि बुरुजाची पाठ उघडी असल्यामुळं तो कब्जात घेऊनही उपयोग नाही, कारण शहराकडून त्याच्यावर सरळ बाण सोडता येतात. त्याच तटावर एका ठिकाणी बाहेरच्या अंगाला बारा दगडी खुराडी ओळीनं काढलेली आहेत. ते शौचकूप. राजाच्या कारकुनांची सोय! शत्रूनं वर बघितलं तर काय दिसेल याची फार कुणी काळजी केलेली दिसत नाही.

दौलताबादची याला तोडीस तोड युक्ती खंदकावर आहे. काळाकोट ओलांडल्यावर डोंगराभोवती कातळात खोदलेला खंदक लागतो, आणि त्याच्या वरची डोंगराची बाजू सुमारे दीडशे फूट सरळ तासून काढलेली. पाल सोडली तर कुणालाही चढता येणार नाही. खंदकावरून जायला पूर्वी एकच अरुंद दगडी पूल, आणि तोही मधल्या भागात दोन्ही टोकांपेक्षा खाली उतरवलेला. पायऱ्या उतरायच्या, खालून जायचं, पुन्हा चढायचं. खंदकातलं पाणी वाढवलं की हा मधला भाग बुडतो. म्हणजे पूल मोडावा लागत नाही, उचलावाही लागत नाही, पाण्याच्या पातळीनं तो हवा तेव्हा नाहीसा करता येतो. गाईड इथं मगरींच्या गोष्टी सांगतात. मगरी असोत-नसोत, हा पूल त्यांच्याहून भारी आहे. त्यानंतरच्या अंधारीबद्दल, म्हणजे कातळातून वर जाणाऱ्या त्या काळोख्या भुयाराबद्दल, सगळेच लिहितात, तेव्हा मी ते सोडून देतो.

कॉन्वीची भिंत कशासाठी होती, हा प्रश्न दौलताबादला आल्यावर अधिक टोकदार होतो. तटाच्या आत एडवर्डनं इंग्रज आणून बसवले. ज्यांचा मुलूख होता त्या वेल्शांना आत घर करायला बंदी. आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं देवगिरीचं दौलताबाद करून दिल्लीची माणसं इथं आणली. सरदार, मौलवी, कवी, कारागीर. इसामी नावाचा एक कवी त्यांच्यात होता, तेव्हा सोळा वर्षांचा पोरगा. बरोबर नव्वदीतले आजोबा. त्यांना घरातून उठवून निघायला लावलं, आणि दिल्ली सोडून फार लांब जायच्या आतच, तिलपतला, म्हातारा वारला. इसामी दौलताबादला पोचला, इथंच वाढला आणि पुढं बहमनी सुलतानासाठी त्यानं फारसीत भलं मोठं इतिहासकाव्य रचलं, त्यात तुघलकाला मनसोक्त शिव्या घातल्या. आठेक वर्षांत राजधानी परत दिल्लीला गेली, पण आलेली सगळीच माणसं परत गेली नाहीत. खुलताबादच्या सूफी दर्ग्यांची परंपरा त्यांच्यातूनच वाढली, आणि शेजारच्या कागजीपुऱ्यातला हातकागदही त्याच लोकांनी आणला असं सांगतात.

तुघलकाशी आपल्या बीडचाही एक नमुनेदार संबंध आहे. दख्खनेत असताना बीडजवळ त्याचा एक दात पडला. सुलतानाचा दात तो, फेकून कसा द्यायचा? तो समारंभानं पुरला आणि त्यावर घुमट बांधला. शहराच्या जवळच करजणीच्या माळावर ती वास्तू आहे. दाताला घुमट आणि दिल्लीहून आणलेल्या माणसांना तट, असा त्याचा हिशेब.

इब्न बतूता दौलताबादला आला तो याच तुघलकाच्या कारकिर्दीत. त्याला शहराचे तीन भाग दिसले: सुलतानाच्या फौजेचं दौलताबाद, दुसरं कतका, आणि तिसरा देवगीरचा किल्ला. कतका म्हणजे जुनं यादवांचं कटक. नवं शहर जुन्याला चिकटून बसलेलं होतं आणि भिंतींनी ते वेगवेगळं ठेवलं होतं. त्यानं इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची तारीफ केली, जवाहिऱ्यांची श्रीमंती वर्णन केली, आणि किल्ल्याच्या तळघरातल्या कैदखान्याबद्दल अंगावर काटा येईल असं लिहिलं. तिथले उंदीर मांजराएवढे, म्हणे, मांजरंच त्यांना भिऊन पळतात. आतली माणसं सुरक्षित ठेवायला बांधलेल्या भिंती आतल्या माणसांना कोंडायलाही तेवढ्याच कामी येतात. पुढं गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाहही याच किल्ल्यात, चिनी महालात, औरंगजेबाचा कैदी म्हणून राहिला.

तट खऱ्या अर्थानं कामाला लागलेला बघायचा असेल तर १६३३ चा उन्हाळा घ्यावा. निजामशाही शेवटचे श्वास मोजत होती. मलिक अंबर १६२६ मध्ये गेलेला, त्याचा मुलगा फतहखान किल्ल्यात. बाहेरून शाहजहानचा सेनापती महाबतखान. आणि त्याच्याही बाहेर विजापूरची फौज, तिच्यात शहाजीराजे, वेढ्यातून आत धान्य पोचवायची धडपड करणारे. म्हणजे किल्ल्याला मोगलांचा वेढा आणि मोगलांना विजापूरकरांचा त्रास. तोफा अंबरकोटावर चालल्या, पण त्या जाड पुरणात गोळे रुतत राहिले. मग मोगलांनी जमिनीखालून काम सुरू केलं. भिंतीच्या बुडाखाली बोगदा खणत न्यायचा, त्यात दारूची पोती भरायची आणि बत्ती द्यायची. असा सुरुंग उडाला आणि अंबरकोटाला खिंडार पडलं. रयतेचा तट पहिला गेला. मग महाकोट, तोही सुरुंगानंच. बादशहाच्या पादशाहनाम्यात या वेढ्याचं एक चित्र आहे. त्यात डोंगर, तट, धूर आणि पायथ्याशी घोड्यावरचे मोगल, सगळं एकाच पानावर दाटलेलं.

मार्चपासून जूनपर्यंत हे चाललं. काळाकोट, खंदक, तासलेला कडा, अंधारी, हे सगळं अजून फतहखानाच्या हातात होतं. आत मात्र दाणा नव्हता. लोक मेलेल्या जनावरांची कातडी उकडून खायच्या थराला आले होते आणि रोगराई पसरली होती. शेवटी फतहखानानं साडेदहा लाख रुपये आणि सुखरूप वाट घेऊन किल्ल्याच्या किल्ल्या दिल्या. दख्खनेतला सगळ्यांत अभेद्य म्हटला जाणारा डोंगर याही खेपेला लढून पडला नाही. १२९६ ला जे झालं तेच, फक्त मिठाऐवजी पोती रिकामी.

कॉन्वीलाही हे झालं होतं, तेही देवगिरीच्या जेमतेम वर्षभर आधी. १२९४-९५ च्या हिवाळ्यात वेल्शांनी बंड केलं आणि खुद्द एडवर्ड राजा स्वतः बांधलेल्या कॉन्वीत अडकला. नदीला पूर, वाटा बंद, खायची वानवा. राजाला सैनिकांबरोबर उपाशी राहायची पाळी आली. तो वाचला, कारण कॉन्वीला समुद्र होता. पाणी ओसरल्यावर गलबतांनी रसद आणली. एडवर्डच्या किल्ल्यांची सगळी मेख तीच: ते समुद्राच्या काठानं बांधलेले होते आणि समुद्र कुणाला वेढता येत नाही. देवगिरीला समुद्र कुठला आणायचा? डोंगराचं अभेद्यपण आणि डोंगराचं एकटेपण, दोन्ही एकाच कातळातून निघालेलं.

नदीनं तटाचं काम केलेलं आमच्या गेवराई तालुक्यानंही बघितलंय, पण उलट्या अंगानं. ऑगस्ट १७६३ मध्ये गोदेला पूर असताना निजामाची फौज राक्षसभुवनला नदी ओलांडत होती. निम्मी पलीकडे पोचलेली, दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्यांसह अलीकडच्या काठावर. पेशव्यांनी नेमकी तीच वेळ साधली. पाण्याच्या त्या भिंतीमुळं निजामाला पलीकडून मदत करता येईना, आणि विठ्ठल सुंदर पडला. निजाम मग औरंगाबादच्या तटाआड जाऊन बसला, मराठे मागोमाग गेले, आणि पुढं तह झाला.

त्या औरंगाबादची कथा म्हणजे दौलताबादच्या तटाचा उरलेला अर्धा भाग. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली आणि तिथं डोंगरातून नहरीनं पाणी आणलं. पुढं औरंगजेबानं तिचं औरंगाबाद केलं आणि मराठ्यांच्या धाडींच्या भीतीनं सोळाशे ऐंशीच्या दशकात तिला तट घातला. पाणी तिकडे, बाजार तिकडे, दरबार तिकडे. दौलताबादचं शहर हळूहळू ओसरत गेलं. जिथं माणसं उरली नाहीत तिथला दगड न्यायलाही कुणी नव्हतं, म्हणून अंबरकोट उभा आहे. औरंगाबादला लोक राहिले, वाढले, त्यांना घरं बांधायला दगड लागला, रस्ता रुंद करायला जागा लागली. तटाचे चिरे कुणाच्या जोत्यात गेले, कुणाच्या कुंपणात. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून अजून मिरवतात; दरवाजे काही उरले आहेत, पण त्यांना जोडणारी भिंत बहुतेक ठिकाणी नाही. बीडचंही तेच झालं. शहर आपला तट खाऊन मोठं होतं. कॉन्वी याला अपवाद का? कारण ते बंदर फार मोठं झालंच नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा तटातून वाट काढावीच लागली, पण ती काढणाऱ्या इंजिनिअरनं तिथं जुन्या धाटणीची कमान बांधली, म्हणजे भिंतीला जखम दिसू नये. आज तिथल्या फांजीवरून लोक रमतगमत फिरतात, आणि १९८६ पासून ती जागतिक वारशात आहे.

तटाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा हिशेब फक्त राजांच्या शहरांत नव्हता. गोदाकाठच्या गावांना मातीचं का होईना गावकूस असे, वेस असे. वेशीची राखण वेसकराकडे. रात्री वेस लावायची, सकाळी उघडायची, आल्यागेल्याची खबर पाटलाला द्यायची. हे काम महारांच्या वतनात होतं, आणि महारवाडा कुसाच्या बाहेर. म्हणजे ज्यानं गावाचं दार बंद करायचं, त्यानं ते बंद करून स्वतः बाहेर झोपायचं. धाड आलीच तर पहिली त्याच्या अंगावर. कॉन्वीच्या वेल्शांना भिंतीच्या आत निदान परके म्हणून नाकारलं होतं. इथं त्याच गावचा, त्याच गावाच्या सुरक्षेचा जिम्मेदार असलेला माणूस बाहेर होता. अंबरकोटाच्या बांधणीचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही; तट जितका हुशारीनं बांधलेला, तितकाच कोणाला वाचवायचं नाही याचा निर्णयही हुशारीनं घेतलेला असतो.

गावकूस आता बहुतेक गावांत पावसात विरघळून पांढरीच्या टेकाडाला मिळालं. वेस मात्र लोकांनी सोडली नाही. कित्येक ठिकाणी जुनी पडली तर वर्गणी काढून सिमेंटची नवी कमान उभी केली, तिला ऑइलपेंट दिला, वर नाव घातलं. दोन्ही अंगांना भिंत नाही. डावीकडून ट्रॅक्टर जातो, उजवीकडून मोटारसायकली. पण पोळ्याच्या संध्याकाळी तोरण तिथंच बांधतात, आणि झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल, भोवताली हवी तेवढी मोकळी जागा असताना, रांगेनं त्याच कमानीतून काढायचे असतात. पहिला कुणाचा, यावरून भांडणं होतात आणि काही गावांत ती पोलीस ठाण्यापर्यंत जातात.